लॅम्बटनसाहेब आणि ट्रकमधला जीपीएस

मागच्या महिन्यात हिंगणघाटहून माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. शाळेत असताना हा पोरगा शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून हायवेवरचे ट्रक मोजायचा. आता त्याच्या स्वतःच्या सहा गाड्या आहेत. रुईच्या गाठी भरून त्या तमिळनाडूकडे, कोइंबतूर-तिरुपूरच्या बाजूला जातात. चहा झाला, घरची ख्यालीखुशाली झाली आणि मग स्वारी मुद्द्यावर आली.

"सर, तुम्ही आम्हाले भूगोल शिकवला. आता सांगा, डायवरासाठी जीपीएस कोनता घेऊ?"

मला हसू आले. नागपुरातले नवे उड्डाणपूल झाल्यापासून मी स्वतः रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अडखळतो, आणि हा मला यंत्राचा सल्ला विचारतो आहे! पण त्याचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली.

एका गाडीवर नवा, तरुण ड्रायव्हर होता. सेलमच्या पुढे त्याने मोबाइलवर रस्ता पाहिला. मोबाइलने हायवे सोडून आत वळायला सांगितले, वीस-बावीस मिनिटे वाचत होती. रात्रीचा एक वाजला होता. रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना घरे आली आणि पुढे रेल्वेचा पूल आला. पुलाच्या अलीकडे असते ती उंचीची लोखंडी कमान ड्रायव्हरला वेळेवर दिसलीच नाही. वरच्या थरातल्या गाठींना धडक बसली, ताडपत्री फाटली. मागे फिरायला जागा नव्हती म्हणून गाडी रिव्हर्स घ्यायची ठरली. क्लीनर पोरगा खाली उतरून अंधारात हात दाखवत होता. त्याचा पाय चाकाखाली आला. जीव वाचला, पण दोन ऑपरेशने झाली आणि तो अजून कुबडीवर आहे.

"डायवर म्हणते, मोबाइल सांगून राहिला होता, माझी काय चूक? मी म्हणतो, डोये कोनाचे होते? सर, सांगा बरं, चूक कोनाची?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. "आठ दिवसांनी ये," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढचे आठ दिवस मी नातवाच्या मदतीने वाचत बसलो. कोणत्याही दुखण्याचे मूळ इतिहासात शोधायचे, ही आम्हा मास्तर लोकांची जुनी खोड. जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. थोडे लांबेल, पण आपण सगळे मला ओळखताच :)

यंत्रे नव्हती तेव्हा ट्रकवाले रस्ता कसा शोधत? याचे उत्तर आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. आधी क्लीनर म्हणून लागायचे, चाके धुवायची, दोर बांधायचे, 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत मागे उभे राहायचे आणि चार-पाच वर्षे उस्तादाच्या शेजारी बसून रस्ता पाठ करायचा. नकाशा कुणाच्याच खिशात नसे. "अमुक ढाब्यानंतर डावीकडे", "साखर कारखान्याची चिमणी दिसली की गाडी हळू घे", "त्या पुलाखाली उंच माल जात नाही" असे सगळे तोंडी. आमच्या शाळेजवळ एक म्हातारे ड्रायव्हर राहत. त्यांना नकाशावर मद्रास दाखवता येत नसे, पण हिंगणघाट ते मद्रास कुठल्या नाक्यावर किती वेळ खोळंबा होतो, कुठल्या घाटात कितव्या गिअरमध्ये उतरायचे, हे ते डोळे मिटून सांगत. याला भूगोल म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? आम्ही मात्र परीक्षेत त्यांना शून्य गुण दिले असते.

सोबतीला रस्त्याकडेचे दगड असत. माझ्या लहानपणी त्यांच्यावर खरोखरच मैल लिहिलेले असत. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि साठच्या दशकात दगडांवर किलोमीटर आले, पण आपण त्यांना अजूनही मैलाचे दगडच म्हणतो. त्या दगडांच्या डोक्यावरच्या रंगाचाही अर्थ असतो. पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, नारिंगी खेड्यातल्या रस्त्याचा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपण मोठ्या रस्त्यावर आहोत की भरकटलो, ते कळावे अशी ही सोय. आता गंमत बघा. त्या रात्री आमचा ड्रायव्हर पिवळ्या दगडांचा रस्ता सोडून आत शिरला. जुना उस्ताद असता तर दगडाचा रंग बदलताच त्याचा पाय ब्रेकवर गेला असता. या पोराचे डोळे पडद्यावर होते.

2010 साली सरकारने राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले. आमचा सात नंबरचा रस्ता चव्वेचाळीस झाला. मुंबई-गोवा सतराचा सहासष्ट झाला. ट्रकवाल्यांनी याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांच्यासाठी तो 'हैदराबाद रोड' आणि नाशिककडचा तो 'आग्रा रोड'. नावे माणसांची असतात, क्रमांक कार्यालयांचे.

आता या हैदराबाद रोडचीच एक गोष्ट. मी हिंगणघाटात पंचवीसहून अधिक वर्षे इतिहास-भूगोल शिकवला. एव्हरेस्टचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षण अधिकाऱ्यावरून पडले, हे दरवर्षी फळ्यावर लिहिले. पण ज्याने ते प्रचंड सर्वेक्षण सुरू केले तो विल्यम लॅम्बटन आपल्याच गावात पुरलेला आहे, हे मला नोकरीची बरीच वर्षे उलटेपर्यंत माहीत नव्हते! 2000 साली जॉन की या लेखकाचे 'द ग्रेट आर्क' हे पुस्तक आले, त्यानंतर कुणीतरी सांगितले तेव्हा कळले. मास्तराच्या अज्ञानाचा हा कबुलीजबाब समजा.

लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा पोलादी साखळीने मोजली. ही पायाभूत रेषा. एकदा त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत सगळा देश मोजायचा, ही त्याची योजना. कोन मोजायचे थिओडोलाइट हे यंत्र जवळजवळ अर्ध्या टनाचे होते. 1808 साली तंजावरच्या मोठ्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटून ते आपटले. लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि कित्येक आठवडे खपून ते पुन्हा नीट केले. वीस वर्षे हा माणूस त्रिकोण मोजत उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटात त्याने शेवटचा श्वास घेतला. पुढचे काम एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

म्हणजे बघा, हैदराबादहून नागपूरला माल घेऊन येणारा प्रत्येक ट्रक लॅम्बटनच्या शेवटच्या प्रवासाच्याच वाटेने येतो, आणि हिंगणघाटापाशी त्याच्या कबरीच्या जवळून पुढे जातो. आपण कुठे आहोत हे अचूक सांगण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले तो तिथे झोपला आहे आणि जवळून जाणाऱ्या गाडीत मोबाइल बोलतो आहे, 'पाचशे मीटरनंतर डावीकडे वळा'.

नागपूरच्या झिरो माइलचा उल्लेखही इथे करायला हवा. देशाचा मध्य म्हणून आपण पाहुण्यांना तो दाखवतो. तिथली 1907 सालची खूण याच त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या परंपरेतली, पण ती मुळात उंची मोजण्यासाठीची आहे. समुद्रसपाटीपासून ही जागा किती उंच, ते तिथे नोंदवलेले आहे. उंचीचे महत्त्व त्या लोकांना ठाऊक होते. आमच्या ट्रकला मात्र उंचीनेच दगा दिला.

आता जीपीएसकडे येतो. लॅम्बटनचे काम कोनांवर चाले, जीपीएसचे काम वेळेवर चालते. वीज चमकली आणि गडगडाट तीन सेकंदांनी ऐकू आला की वीज साधारण एक किलोमीटरवर पडली, हा हिशेब मी मुलांना शिकवत असे. तसेच इथे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि तो सतत सांगत राहतो की मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. आपल्या हातातले यंत्र तो निरोप यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते. तीन उपग्रहांवरून जागा ठरते आणि चौथा लागतो तो आपल्या यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. उपग्रहांवरची घड्याळे सापेक्षतेच्या नियमाने रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ती चूक दुरुस्त केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरचा घोटाळा होईल. म्हणजे ट्रकच्या केबिनमध्ये आइन्स्टाइनही बसलेला असतो म्हणा ना!

हे सगळे उभे राहिले ते लष्करासाठी. पहिला उपग्रह 1978 साली गेला. 1 सप्टेंबर 1983 रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि तिथल्या लढाऊ विमानाने ते पाडले. 269 माणसे गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले की ही यंत्रणा तयार झाली की सामान्य लोकांनाही वापरता येईल. वाट चुकण्याची किंमत माणसांच्या जिवाने चुकवावी लागते, तेव्हाच सरकारे हलतात. यंत्रणा 1995 साली पूर्ण झाली, तरी सामान्यांच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. सुमारे शंभर मीटर इकडे किंवा तिकडे. ट्रकवाल्याला याचा काय उपयोग? आपण हायवेवर आहोत की शेजारच्या सर्व्हिस रोडवर, तेही कळायचे नाही. ही मिसळलेली चूक मे 2000 च्या सुरुवातीला क्लिंटन यांच्या आदेशाने काढून टाकली गेली आणि मग घरोघरी जीपीएस आला.

इथपर्यंत वाचले तेव्हा मला वाटले होते की आधी ड्रायव्हरला रस्ता दाखवणारे यंत्र आले असेल आणि मग मालकाला गाडी कुठे आहे ते सांगणारे. इतिहास अगदी उलटा निघाला.

लहान मोटारींसाठी रस्ता दाखवणारी यंत्रे उपग्रहांची यंत्रणा पूर्ण होण्याच्याही आधी आली. जपानच्या होंडा कंपनीने 1981 साली गाडीच्या वळणांचा हिशेब ठेवणारे, पारदर्शक नकाशावर जागा दाखवणारे एक यंत्र काढले. 1985 साली कॅलिफोर्नियात एटॅक नावाचे यंत्र आले. त्याचे नकाशे कॅसेटवर असत, आपण गाणी ऐकायचो तशा कॅसेटवर! एटॅक हा प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या नाविकांचा शब्द. आपली होडी स्थिर आहे आणि बेटेच आपल्याकडे सरकत येत आहेत, असे मानून दिशा ठेवायची त्यांची ती रीत. मोबाइलच्या पडद्यावर आज आपण मध्ये स्थिर असतो आणि रस्ता खाली सरकतो, ती तीच रीत की!

ट्रकमध्ये मात्र उपग्रह शिरला तो मालकाच्या बाजूने. क्वालकॉम ही कंपनी आज मोबाइलच्या चिपसाठी ओळखली जाते. तिने 1988 साली ऑम्नीट्रॅक्स नावाची सेवा अमेरिकेतल्या ट्रक कंपन्यांसाठी सुरू केली. श्नायडर नॅशनल ही तिची पहिली मोठी गिऱ्हाईक. ट्रकच्या टपावर एक अँटेना, केबिनमध्ये छोटा कीबोर्ड. गाडी कुठे आहे ते ऑफिसला कळे आणि ऑफिसचे निरोप ड्रायव्हरला मिळत. गंमत म्हणजे सुरुवातीला हे सगळे जीपीएसविना, दुसऱ्याच उपग्रहांच्या भरवशावर चाले. ड्रायव्हरांचा फायदा झाला, नाही असे नाही. पुढचे काम विचारायला फोनच्या रांगेत उभे राहणे वाचले. पण रस्ता शोधायला त्यांच्याकडे छापील अॅटलासच होता. रँड मॅकनॅली या कंपनीच्या ट्रकवाल्यांसाठीच्या अॅटलासमध्ये कमी उंचीच्या पुलांच्या याद्याच दिलेल्या असत.

ट्रकची उंची, रुंदी, वजन लक्षात घेऊन रस्ता सांगणारे साधे, काचेवर चिकटवायचे यंत्र बाजारात यायला त्यानंतर वीसेक वर्षे गेली. गार्मिन कंपनीचे असे यंत्र 2009 साली आले. मधल्या काळात ड्रायव्हरांनी काय केले? मोटारीचे स्वस्त जीपीएस विकत घेतले. मोटारीला जो पूल दिसतही नाही तो ट्रकला कापून काढतो. अमेरिकेत डरहॅम गावी एक रेल्वे पूल आहे, त्याची उंची 11 फूट 8 इंच होती. एका स्थानिक माणसाने 2008 साली तिथे कॅमेरा लावला आणि ट्रकांची टपे सोलून निघतानाची दृश्ये जगभर पाहिली गेली. पाट्या लावल्या, दिवे लावले, उपयोग नाही. शेवटी 2019 साली पूलच आठ इंचांनी उचलला. तरी अधूनमधून धडका चालूच राहिल्या! ब्रिटनमध्ये दरवर्षी दीड-दोन हजार वेळा रेल्वेच्या पुलांना गाड्या धडकतात. तेव्हा आमच्या पोराला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. शिकलेल्या देशांतले ड्रायव्हरही तिथेच अडकतात.

यंत्र उंची विचारते, पण पुलाची उंची त्याच्या नकाशात असली तरच उत्तर देते. ती उंची कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन मोजून नोंदवावी लागते. म्हणजे फिरून लॅम्बटनकडेच आलो. आकाशात कितीही उपग्रह असोत, जमिनीवर साखळी घेऊन फिरणारा माणूस लागतोच.

आपल्याकडे या जमिनीवरच्या कामाला आणखी एक अडचण होती. सर्व्हे ऑफ इंडिया ही 1767 साली स्थापन झालेली संस्था. पण सीमेजवळचे आणि किनाऱ्याचे तपशीलवार नकाशे कित्येक वर्षे सामान्य माणसाला मिळत नसत. शाळेसाठी नकाशे मागवताना मीही अर्ज लिहिले आहेत. 2005 साली नकाशाचे राष्ट्रीय धोरण आले. लष्कराचे नकाशे वेगळे आणि लोकांचे वेगळे झाले. फेब्रुवारी 2021 मध्ये भारतीय कंपन्यांना नकाशे बनवायला आधीच्या परवानग्यांची अट काढून टाकली. आपले स्वतःचे उपग्रहही आहेत. पहिला 2013 साली गेला, आणि 2016 साली त्या यंत्रणेला 'नाविक' हे सुंदर नाव मिळाले. पण आपल्या ट्रकांमध्येही आधी शिरली ती देखरेखच. जीएसटीने 2017 साली नाके काढले, 2018 साली ई-वे बिल आले, 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, आणि सोबत गाडीत लपवलेली ती छोटी डबी, जी मालकाच्या मोबाइलवर ठिपका दाखवते. गाडी कुठे आहे हे आता सगळ्यांना कळते. पुढचा पूल किती उंच आहे ते ज्याला कळायला हवे त्यालाच कळत नाही.

आठ दिवसांनी विद्यार्थी आला. या वेळी मी सांगून ठेवले होते म्हणून सोबत त्याच्याकडचा सर्वांत जुना ड्रायव्हर होता. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. ते खुर्चीवर बसायला तयार नव्हते, बळेच बसवले.

मी विद्यार्थ्याला आधी एकच प्रश्न विचारला. "जीपीएस कोणासाठी घेतो आहेस? तुझ्यासाठी की त्यांच्यासाठी?"

"डायवरासाठीच ना सर."

"मग तू आणलेल्या या तीन कागदांत सगळीकडे 'गाडी कुठे आहे', 'किती वेळ थांबली', 'वेग किती' एवढेच का लिहिले आहे?"

तो गप्प झाला. तेव्हा उस्ताद हळूच बोलले. "सर, त्या रात्री मालकाचा फोन तीनदा आला होता पोराले. गाडी कुठी आहे, उशीर का होऊन राहिला. म्हनून तो वीस मिनिटं वाचवाले गेला."

खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा मी चाळीस वर्षांपूर्वी पाहिला होता तसा झाला, गृहपाठ न केलेल्या मुलासारखा. म्हणजे मालकाच्या मोबाइलवर ठिपका होता. ठिपका रेंगाळला म्हणून फोन झाले, फोन झाले म्हणून आडवाट घेतली आणि आडवाटेने क्लीनरचा पाय घेतला. 1961 साली आपल्याकडे मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला, त्यात रोजचे आठ तास काम लिहिलेले होते. ते आठ तास कुठल्या ट्रकमध्ये पाळले गेले, हे आपण सगळे जाणतो. रात्री एक वाजता झोपेला आलेल्या पोराला यंत्र काय सांगते यापेक्षा मालक काय म्हणेल हेच मोठे वाटते.

मग आम्ही तिघांनी बसून काय बघून घ्यायचे ते वहीत लिहिले. इथे उतरवून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

ज्या यंत्रात किंवा ॲपमध्ये गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि भरलेले वजन घालता येत नाही ते ट्रकसाठी नाही. मग कितीही मोठ्या पडद्याचे असो. उंची कागदपत्रातली घालायची नाही. माल भरून, ताडपत्री बांधून झाली की टेपने मोजायची. एका गाठीत 170 किलो रुई असते आणि एक थर वर चढला की पुलाचे गणित बदलते. उंची मोजून केबिनमध्ये ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर खडूने लिहायची. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवता यायला हवा, कारण घाटात आणि जंगलात नेटवर्क जाते. उपग्रहाचा संकेत फुकट आणि सगळीकडे मिळतो, अडते ते नकाशापाशी. सूचना ड्रायव्हरच्या भाषेत ऐकू यायला हव्यात. वाट मध्येच बदलायला सांगणारी सोय शक्य तर बंद ठेवायची. नकाशा वरचेवर ताजा होतो का, ते विकणाऱ्याला विचारायचे. आणि परदेशी यंत्र घेणार असाल तर त्यात आपल्याकडच्या पुलांच्या उंचीची माहिती आहे का, ते घेण्याआधी आपल्या ओळखीच्या दोन-चार पुलांवर तपासून पाहायचे.

शेवटची ओळ उस्तादांनी सांगितली आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. ते म्हणाले, "यंत्र रस्ता सांगेल सर, पन हायवे सोडाचा असला तर आधी मले फोन कराचा. मी गाडीवर नसलो तरी."

त्यावरून एक कल्पना निघाली. हिंगणघाट ते कोइंबतूर या रस्त्यावर कुठल्या आडवाटेला कुठला पूल बुटका, कुठे वळायला जागा नाही, कुठे रात्री थांबायला बरे, हे उस्तादांच्या डोक्यात आहे ते आता लिहून काढायचे. उस्तादांना लिहिता येत नाही. तेव्हा ते सांगतील आणि अजून कुबडीवर असलेला तो क्लीनर पोरगा लिहील. बसल्या कामाचा त्याला पगार मिळेल, हे विद्यार्थ्याने आपणहून कबूल केले. तरुण ड्रायव्हरच्या पगारातून कापलेले पैसे परत देतो असेही तो म्हणाला. ते मी त्याला सुचवलेले नव्हते, हे मुद्दाम नोंदवतो.

मागच्या रविवारी वहीची पहिली पंधरा पाने माझ्याकडे तपासायला आली. शुद्धलेखन भयंकर आहे, आणि मी लाल पेन काढलेच नाही. पहिल्या पानावर त्या पोराने रस्त्याची रेघ काढली आहे आणि सुरुवातीला हिंगणघाटपाशी एक छोटा चौकोन. खाली लिहिले आहे, 'लॅम्टन सायबाची कबर. इथून मोजाचं.'

असो. चूक कुणाची, या प्रश्नाचे उत्तर मला अजून एका शब्दात देता येत नाही. पण विद्यार्थ्याने आता तो प्रश्न विचारणे सोडले आहे.